भंगारातला संगणक आणि घरातला अभ्यास

भंगार हा शब्द आपल्याकडे फार घाईने उच्चारला जातो. कार्यालयातल्या बाबूने एखाद्या वस्तूवर 'निकामी' असा शेरा मारला की ती वस्तू भंगार ठरते. तिच्यात काय चालू आहे आणि काय बंद पडले आहे, हे कोणी उघडून पाहत नाही. संगणकाच्या बाबतीत तर ही घाई अधिकच. दहा-बारा वर्षे राबलेला संगणक हळू झाला की तो कोपऱ्यात जातो, कोपऱ्यातून माळ्यावर, माळ्यावरून हातगाडीवर आणि तेथून किलोच्या भावाने कोठेतरी. अमरावतीच्या आमच्या घरात आज जो संगणक रोज पहाटे साडेपाचला सुरू होतो, तो असाच हातगाडीच्या वाटेवरून परत आलेला आहे. तो कसा आला, त्यात काय बदलले, पैसे किती लागले आणि त्यावरून घरात वाद काय झाला, हे आमच्यासारख्या कष्टकरी घरांतील वाचकांना सांगावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गरज कशी निर्माण झाली ते आधी सांगतो. आमची थोरली मुलगी पदवीधर झाली आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला लागली. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी लेखी परीक्षा तर असतेच, पण टंकलेखनाची अटही असते. मराठीचे मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचे ४०. पूर्वी हे टंकलेखन खटखट वाजणाऱ्या यंत्रावर शिकवले जाई. आता राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाही संगणकावरच होते. संस्थेत मुलीला दिवसाला एक तास मिळे. ज्यांच्या घरी संगणक होता त्यांची बोटे संध्याकाळी पुन्हा चालत. आमच्या मुलीची बोटे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून राहत. हुशारीत फरक नव्हता, तासांत फरक होता.

कोणी म्हणेल, आता घरोघरी स्मार्टफोन आहेत. आमच्याकडेही दोन होते. पण फोनवर दोन अंगठे चालतात, दहा बोटे चालत नाहीत. फोनवर व्याख्यान ऐकता येते, निकाल पाहता येतो, अर्जही अडखळत भरता येतो. लिहिणे, जुळवणे, तक्ता मांडणे, पानभर मजकूर न चुकता टंकित करणे, ही कामे फोनवर होत नाहीत. फोन दाखवतो आणि आपण पाहतो. कळफलकापुढे बसले म्हणजे आपण करतो आणि यंत्र पाहत राहते. नोकरी देणाऱ्याला हा दुसऱ्या प्रकारचा माणूस हवा असतो. परंतु गरिबाच्या मुलाच्या हाती पडतो तो पहिल्या प्रकारचा सराव.

नवा संगणक घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते. हप्त्याने घ्यावा, तर घराच्या स्लॅबचा हप्ता आधीच चालू होता. अशात २०२४ च्या उन्हाळ्यात कळले, की शहरातील एका खासगी कार्यालयाने आपले जुने संगणक काढून टाकले असून ते विकायचे आहेत. आम्ही एक घेतला. २०१२ च्या सुमाराचा, इंटेलच्या कोअर आय-३ प्रोसेसरचा, दोन जीबी रॅमचा, साडेअठरा इंची मॉनिटरसह. किंमत ३,२०० रुपये. सुरू व्हायला सहा-सात मिनिटे घेणारा आणि सुरू झाल्यावर घुर्र घुर्र करणारा.

तो डबा दारातून आत आला आणि घरात वाद उभा राहिला. आमच्या बाबांनी तो पाहिला. बाबांची हयात बाजार समितीत हमाली करण्यात गेली. अक्षर ओळख त्यांना रात्रीच्या शाळेत झाली. ते काठी टेकीत जवळ आले आणि म्हणाले, "लोकायनं टाकलेलं आपल्या घरात येत नसते."

हे वाक्य आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. उतरलेले कपडे, उरलेली भाकर आणि मेलेले ढोर हाच ज्यांचा हक्क ठरवला गेला होता, त्या घरांतून आपण आलो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडून देण्याचे सांगितले, तेव्हापासून आपल्या आजे-पणज्यांनी एकेक गोष्ट निग्रहाने सोडली. पोटाला चिमटा घेऊन सोडली. बाबांच्या वडिलांनीही सोडली. ज्या घराचा कणा त्या नकाराने ताठ झाला, त्या घरात दुसऱ्याचा टाकाऊ डबा आला, हे त्यांना सहन होईना. त्यांचे म्हणणे खोडून काढावे असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही, कारण त्या म्हणण्यामागे तीन पिढ्या उभ्या होत्या.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "दान घेतलं का इकत?"

"विकत घेतला, बाबा."

"मंग पावती कुठी हाय?"

पावती मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कार्यालयात पुन्हा गेलो आणि यंत्राचा क्रमांक लिहिलेली, शिक्का मारलेली पावती घेऊन आलो. बाबांनी ती चष्मा लावून वाचली आणि आपल्या ट्रंकेत ठेवली. दान आणि खरेदी यांत फरक आहे. दान देणारा वर उभा असतो. खरेदीत दोघे समोरासमोर उभे असतात. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही पावती हवीच. जुना माल घरात दिसला की हा चोरीचा तर नाही ना, हा सवाल सर्वांत आधी आपल्याच वस्त्यांना विचारला जातो. म्हणून आम्ही आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, जुना संगणक शंभर रुपयांना मिळाला तरी पावती घ्या.

बाबांचे समाधान अर्धेच झाले होते. "चालू तं होऊ द्या, मंग पाहू," असे ते म्हणाले. आता त्याला चालू करणे भाग होते.

वायर काढून, बटण दोनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि पेचकसाने बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ किती असावी? पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसलेला. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि काळ्या मातीची धूळ बारीक फटीतूनही आत शिरते. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो काम करताना तापतो. त्याची उष्णता वरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात जावी म्हणून दोघांच्या मध्ये एक पांढुरकी किंवा करडी पेस्ट लावलेली असते. दहा वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. मग उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो किंवा यंत्रच बंद पाडतो. लोक म्हणतात, कॉम्प्युटर म्हातारा झाला. वास्तविक त्याला ऊन लागलेले असते.

आम्ही मऊ ब्रशने धूळ काढली. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, नाही तर ते भरधाव फिरून खराब होते. जुनी पेस्ट सुती कापडाने पुसून नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावली. रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासले. त्या दातांवर मळ बसला म्हणजे यंत्र नुसते बीप वाजवते आणि पडदा काळाच राहतो. कित्येक संगणक एवढ्याच कारणाने भंगारात गेलेले असतात. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी दरवेळी डब्याच्या लोखंडाला हात लावला. हवा कोरडी असली की अंगात स्थिर वीज साठते आणि तिचा एक चटका नाजूक चकतीला पुरे होतो.

मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो. 'सीआर २०३२' म्हणून मागितला की घड्याळाच्या दुकानात मिळतो. आमचा सेल संपलेला होता, म्हणून यंत्र बंद केले की तारीख मागे जाई. तारीख चुकली की बँकेची, परीक्षेची, शिष्यवृत्तीची संकेतस्थळे उघडत नाहीत. त्या संकेतस्थळांचे सुरक्षेचे दाखले ठराविक मुदतीचे असतात. यंत्राला वाटते, आज आहे फार जुने साल, आणि दाखला तर अजून जन्मलाही नाही. ३० रुपयांच्या सेलने हे दुखणे गेले.

यंत्र थंड झाले, तारीख सुधारली, पण ते हळूच राहिले आणि मधूनमधून आतून कटकट ऐकू येई. त्याच आठवड्यात अकोल्याहून मुलांचे मोठे मामा आले. मामांनी तीस वर्षे जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर म्हणून काम केले. सरकीचा भुगा, पट्टे, शाफ्ट यांच्या आवाजात त्यांचे कान तयार झाले. त्यांनी डब्याला कान लावला, डोळे मिटले आणि मुलीला म्हणाले, "पाय पोरी, थे आवाज देऊन राह्यलं. फिरती वस्तू खराब झाली समज. याच्यात फिरते काय?"

फिरत होती ती हार्डडिस्क. संगणक मामांनी कधी उघडलेला नव्हता, पण बिघाड त्यांनी एका मिनिटात हेरला. आम्हांला त्या दिवशी एक गोष्ट फार जाणवली. आपल्या समाजात सुतार, फिटर, वायरमन, वेल्डर, मोटार दुरुस्त करणारे असे कसबी हात घराघरांत आहेत. संगणक म्हटले की हेच हात मागे सरतात, कारण ती शिकलेल्यांची, काचेच्या केबिनमधली वस्तू आहे असे त्यांच्या मनावर बिंबवले गेले आहे. उघडून पाहिले तर चार पेच, सहा तारा आणि दोन पंखे. ज्याला जिनाचा पट्टा बसवता येतो, त्याला रॅम बसवता येते.

हार्डडिस्कमध्ये चकत्या असतात. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे एक फेरा साधारण आठ मिलिसेकंदांत. माहितीचा एक तुकडा हवा असला तर वाचणारी सुई तेथवर सरकावी लागते आणि चकती फिरून यायची वाट पाहावी लागते. संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे वाचतो. एसएसडी नावाची नवी साठवण असते, तिच्यात फिरणारे काही नाही. वाट पाहणेच संपते. म्हणून जुन्या संगणकाला एकच गोष्ट घेण्याची ऐपत असेल तर ती एसएसडी घ्यावी. २४० जीबीची एसएसडी आम्हांला त्या वेळी १,३५० रुपयांत मिळाली. जुन्या हार्डडिस्कच्याच दोन तारा तिला लागतात. रॅम दोनऐवजी आठ जीबी केली. चार-चारच्या दोन जुन्या पट्ट्या ९०० रुपयांना आल्या. येथे जपावे. डीडीआर-२, डीडीआर-३, डीडीआर-४ या वेगवेगळ्या जाती आहेत आणि प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डब्याच्या संगणकाला चालत नाही. जुनी पट्टी दुकानात सोबत नेऊन दाखवावी, हे उत्तम.

हिशेब असा झाला : संगणक ३,२००, एसएसडी १,३५०, रॅम ९००, पेस्ट १००, सेल ३०. एकूण ५,५८० रुपये. पुढे कोणाकडचा पडून असलेला यूपीएस मिळाला. त्यात १२ व्होल्टची नवी बॅटरी टाकली, तिचे वेगळे हजारभर रुपये. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि दाब कधी वाढेल याचा नेम नाही. त्यामुळे ही बॅटरी चैनीची नाही, गरजेची आहे. जुनी बॅटरी दुकानदाराला परत दिली. तिच्यात शिसे आणि तेजाब असते, ती घरात ठेवू नये आणि फोडू तर मुळीच नये.

हार्डडिस्क काढण्यापूर्वी एक गोष्ट आढळली. तिच्यात कार्यालयाच्या फाइली तशाच होत्या. कर्मचाऱ्यांची आधार कार्डे, बँकेची पासबुके, फोटो. आम्ही त्या न वाचता पूर्ण डिस्क पुसून टाकली. दुसऱ्याच्या हाती पडल्या असत्या तर? वाचकांनी आपला फोन वा संगणक विकताना हे ध्यानात ठेवावे. नुसते 'डिलीट' केल्याने माहिती जात नाही. सगळी डिस्क एकदा नव्याने लिहून काढावी लागते, किंवा डिस्क काढून घेऊन मगच डबा द्यावा.

आता प्रश्न आला प्रणालीचा, म्हणजे विंडोज वगैरे. यंत्रात विंडोज ७ होते. त्याच्या सुरक्षा सुधारणा कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवल्या. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही नियमित मुदत संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना एक वर्षाची वाढ मिळाली, एवढेच. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा चीप लागते. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही कागदोपत्री बाद. माणसाच्या बाबतीतही असे निवृत्तीचे शिक्के मारणारे पुष्कळ असतात. बाजारात कोणी चोरीची प्रत टाकून देतो, पण तिच्यासोबत कोणती कीड आत येईल सांगता येत नाही, आणि पावतीचा आग्रह धरणाऱ्या घरात ती शोभतही नाही.

आम्ही लिनक्स मिंट ही प्रणाली बसवली. ती विनामूल्य आहे, आणि 'मुक्त' आहे. ती वापरण्याची, दुसऱ्याला देण्याची, आतून तपासून बदलण्याची कायदेशीर मोकळीक असते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालीची हाक दिली. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने घरच्या साध्या संगणकावर तिचा गाभा लिहिला आणि तो जगाला वाटून टाकला. ज्ञान कोंडून ठेवण्याची वस्तू नव्हे, हा विचार आपल्याला परका नाही. ज्ञान कोंडून ठेवल्याचे परिणाम आपण सोसलेले आहेत. केरळमधील सरकारी शाळांतून मुले वर्षानुवर्षे अशाच मुक्त प्रणालीवर संगणक शिकत आहेत, मग आपल्या घरातील मुलांना ती अवघड जाण्याचे कारण नाही. पेन ड्राइव्हवर ती उतरवून घ्यायची, आधी न बसवता नुसती चालवून पाहायची, सगळे भाग ओळखते असे दिसले की बसवायची. आमच्या धाकट्या मुलाने एका दुपारी हे काम केले. त्यानंतर यंत्र पाऊण मिनिटाच्या आत सुरू होऊ लागले.

मराठीसाठी तिच्यात इन्स्क्रिप्ट मांडणी तयार मिळते. भारत सरकारने प्रमाण मानलेली ही मांडणी आहे. टंकलेखन संस्थांतून मात्र जुन्या यंत्राची रेमिंग्टन मांडणी शिकवतात. आपल्या परीक्षेला कोणती चालते ते जाहिरातीत पाहून तीच घरी लावावी. दोन मांडण्यांवर बोटे बसवू पाहिली तर दोन्हीकडचा वेग कोसळतो. ज्या कामासाठी विंडोजच हवे असते, त्याचा सराव संस्थेतच करावा लागतो, हेही सांगितले पाहिजे.

संगणकापुढच्या भिंतीवर एक वेळापत्रक लागले. पहाटे साडेपाच ते सात मुलीचे टंकलेखन. दुपारी धाकट्याचा अभ्यास. सायंकाळी एक तास शेजारच्या दोन मुलींचा, कारण त्यांच्या घरी संगणक नाही आणि दिवे लागल्यावर त्यांना बाहेरच्या दुकानात पाठवायला त्यांचे आईवडील तयार नसतात. घरातला संगणक मुलीला जो वेळ देतो तो चौकातला देत नाही, ही गोष्ट आम्हांला आधी सुचली नव्हती. रात्री भांडी आटोपल्यावर मुलांची आई बसते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रे, मुलाचा प्रवेश अर्ज, हे तिने शिकून घेतले. पूर्वी प्रत्येक अर्जामागे पैसे आणि अर्धा दिवस जाई. आता गल्लीतल्या बाया आपल्या मुलांची कागदपत्रे घेऊन तिच्याकडे येतात आणि ती त्यांना स्वतः कळ दाबायला लावते. "मी भरून देणार नाई बाई, तू भर, मी बसते बाजूले," असे म्हणते.

मुलीचा वेग १८ शब्दांवर होता. सात महिन्यांनी तो ३४ वर गेला. नोकरी लागली काय, असे कोणी विचारले तर सांगतो, अजून नाही. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. पण आता नापास झाली तर ती तास कमी पडल्यामुळे होणार नाही. आमच्यासारख्या आईबापांच्या हातात तेवढेच असते आणि तेवढे आम्ही केले.

मामांनी जाताना सांगितले होते, की त्यांच्या अकोल्याच्या वस्तीतील वाचनालयात चार संगणक पडून आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पेचकस, पेस्ट आणि पेन ड्राइव्ह घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसलो. वाटेत मूर्तिजापूर लागले. तेथून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी आपली शकुंतला आता बंद आहे. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली इंग्लंडमधील मँचेस्टरला तयार झालेले. ते १९९४ पर्यंत गाडी ओढत होते, मग डिझेलचे इंजिन आले. सत्तर वर्षे ते कोणाच्या जिवावर चालले? त्याला तेल देणाऱ्या, पेच आवळणाऱ्या, झिजलेला भाग बदलणाऱ्या कामगारांच्या. यंत्राचे वय कारखान्यात ठरते खरे, पण आयुष्य त्याला सांभाळणाऱ्या हातांवर अवलंबून असते.

वाचनालयातले चारही संगणक काही वर्षांपूर्वी समारंभाने मिळालेले होते. फलक लागला होता, हार घातले गेले होते, फोटो निघाले होते. नंतर कोणी आले नाही. एकात रॅम नव्हती, एकाचा वीजपुरवठ्याचा डबा म्हणजे एसएमपीएस जळालेला, दोघांच्या हार्डडिस्क बाद, आणि कळफलक चारांना मिळून एक. मुलांनी त्यांच्यावर वर्तमानपत्रे रचली होती. आम्ही आणि वस्तीतल्या सात-आठ मुलामुलींनी मिळून चारही उघडले, चांगला भाग एकीकडे आणि बाद भाग दुसरीकडे लावला. संध्याकाळपर्यंत चारांतून दोन उभे राहिले. वर्गणी काढून दोन एसएसडी आणि एक कळफलक आणला. आता तेथील मुले टंकलेखनाचा सराव करतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंडही त्या यंत्रांत आहेत.

त्या दिवशी वाचनालयाच्या मंडळींनी एक नियम केला, तो इतर वस्त्यांनीही करावा. कोणी संगणक देऊ केला तर तीन गोष्टी आधी विचारायच्या. येथे चालू करून दाखवता का? कळफलक, माऊस आणि तारा सोबत आहेत का? वर्षभरात बिघडला तर कोणाला बोलवायचे? उत्तरे आली तर आभार मानून घ्यावे, नाही तर नमस्कार करावा. बाबांना हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे हसले.

प्रत्येक जुना संगणक वाचवावा असे मात्र आमचे म्हणणे नाही. पेंटियम ४ च्या काळातील, एक जीबी रॅमचे यंत्र आता इंटरनेटच्या कामाचे राहिले नाही. वीज जास्त खाते आणि सुधारणा करायचा खर्च वाया जातो. मोठ्या पोटाचा काचेचा मॉनिटर घरी उघडू नये, एसएमपीएसही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यांच्या आत वीज साठून राहते आणि ती जीवघेणी असते.

मग असे बाद भाग द्यायचे कोणाला? येथे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे. किलोच्या भावाने गेलेला डबा हवेत विरून जात नाही. तो कोणाच्या तरी अंगणात पोचतो. तेथे तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणासाठी मदरबोर्ड तेजाबात बुडवतात. जुन्या मॉनिटरच्या काचेत आणि डाकात शिसे असते, जुन्या चपट्या पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. तो धूर छातीत कोणाच्या जातो? कार्यालयातल्या बाबूच्या नाही. कचरा वेचणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या जातो. टाकलेले उचलण्याचे काम पूर्वी जातीने वाटून दिले होते. आज गरिबी ते वाटून देते, आणि उचलणारे पुष्कळदा तेच असतात.

ई-कचऱ्याचे पहिले नियम आपल्या देशात २०११ मध्ये झाले आणि २०१२ पासून लागू झाले. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू तयार करणाऱ्या कंपनीवर ती शेवटी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पोचवण्याची जबाबदारी त्यांत टाकली आहे. अकोल्याच्या दोन सांगाड्यांसाठी आम्ही अशा अधिकृत संकलकाचा शोध घेतला आणि सांगाडे त्याच्याकडे दिले. भाव हातगाडीपेक्षा कमी मिळाला. मिळू द्या. तो फरक म्हणजे कोणाच्या तरी लेकराच्या श्वासाची किंमत आहे.

वाचकहो, आपल्या ओळखीच्या कार्यालयात, शाळेत, दुकानात कोपऱ्यात ठेवलेला एखादा संगणक असेल. तो घ्यायचा असेल तर विकत घ्या, पावती घ्या, चालू करून पाहा. घरी आणल्यावर तो एकट्याने उघडू नका. घरातला फिटर, वायरमन, शिकणारा मुलगा आणि विशेषतः मुलगी यांना सोबत बसवा आणि पेचकस मुलीच्या हाती द्या. ज्या मुलीने यंत्राचे पोट उघडून पाहिले, तिला पुढे कोणत्याही कार्यालयातल्या यंत्राची भीती वाटणार नाही. आमच्या बाबांच्या ट्रंकेत घराची कागदपत्रे, नातवंडांचे जातीचे दाखले आणि ५,५८० रुपयांच्या सगळ्या पावत्या एकाच पिशवीत आहेत. त्यांच्या मते त्या सारख्याच मोलाच्या आहेत.